राखेचा वाटा

"मॅडम, ही बाटली तुमची. दिवसभर बोलायचं आहे तुम्हाला," असं म्हणत नायब तहसीलदार देवतळे साहेबांनी टेबलावरची सीलबंद पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली.

मला 'मॅडम' म्हणणारे ते पहिलेच साहेब. शाळेत पोरं मला 'बाई' म्हणत, गुड्यात, म्हणजे आमच्या वस्तीत, मी 'दौलत तोडासेची रेणू'. चोवीस वर्षांची होते. इस्त्री केलेली साडी नेसून मंचाला लागून ठेवलेल्या टेबलाशी बसले होते, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

एप्रिल महिना होता. सकाळी अकरालाच मंडपाचं कापड तापून वास मारत होतं. दोन मोठे कूलर होते, दोन्हींची तोंडं मंचाकडे. पुढच्या रांगांत दोन बसगाड्या भरून आणलेले लोक बसले होते. त्यांच्या हातात 'रोजगार मिळालाच पाहिजे' असे फलक होते, सगळे एकाच छापाचे, एकाच अक्षराचे. त्यांच्या मागं दोरी बांधलेली. दोरीपलीकडे, उन्हात, आमचा चिंचगुडा बसला होता. साठ घरांचा गोंडांचा गुडा. बाया पहाटे मोहफुलं वेचून तशाच आल्या होत्या.

गुड्याच्या पश्चिमेला तीन किलोमीटरवर वीज केंद्राची धुराडी होती. मधे राखेचं तळं. कोळसा जळून जी राख उरते ती पाण्यात कालवून पाइपानं तिथं आणून सोडत. पावसाळ्यात ती ओढ्यात उतरे, उन्हाळ्यात वाळून वाऱ्यावर चढे. दोरीवरचं लुगडं संध्याकाळी झटकलं की अंगणात पांढरा ढग उठायचा. आता केंद्राला आणखी दोन संच उभारायचे होते आणि त्यांच्या राखेसाठी दुसरं तळं बांधायचं होतं, गुड्याच्या पूर्वेला. म्हणजे मधे आम्ही आणि दोन्ही अंगांना राख. परवानगी देण्याआधी आसपासच्या लोकांना विचारावं लागतं असा कायदा आहे. त्या विचारण्याला जनसुनावणी म्हणतात.

गुड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना मनातलं बोलायचं तर गोंडीच लागे. ती काय म्हणतात ते साहेबांना मराठीत सांगायचं, एवढं माझं काम. आदल्या दिवशी देवतळे साहेब स्वतः जीप घेऊन शाळेत आले होते. पोरांना गोळ्या वाटल्या. मग मला व्हरांड्यात बोलावून म्हणाले, "शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं कधी भरतात तुमची?"

"जूनमध्ये, सर."

"म्हणजे कायम होणार. छान." जीपकडे जाता जाता थांबले. "एक लक्षात ठेवा. म्हातारी माणसं फार लांबण लावतात. तुम्ही सारांश सांगायचा. नेमका आणि जरा सौम्य. लोकांना काय हवंय ते सांगा. काय नको, त्याची यादी नको."

धमकी नव्हती ती. धमकी असती तर मला राग तरी आला असता.

सुनावणी सुरू झाली. मंचावर मधोमध जिल्ह्याहून आलेले मोठे साहेब होते. कंपनीच्या माणसानं पडद्यावर नकाशा दाखवला आणि काठीनं पूर्वेच्या पट्ट्यावर गोल फिरवला. "ही सगळी पडीक जमीन आहे. कुणाचंही नुकसान नाही."

त्या पडीक जमिनीत आमची मोहाची झाडं होती. प्रत्येक झाड कुठल्या घराचं हे पाळण्यातल्या पोरालाही माहीत. तिथंच एक झरा होता. पहिल्या तळ्यानं ओढा खाल्ल्यापासून प्यायचं पाणी आम्ही त्याच झऱ्यावरून आणत होतो. मी हे सगळं जाणत होते आणि त्या काठीकडे पाहत बसले होते.

मग बसमधून आलेले एकेक जण बोलले. एक व्यापारी म्हणाला, "वीज नाही तर विकास नाही." टाळ्या पडल्या. त्या वर्षी आमच्या गुड्यात दिवसाचे चौदा तास वीज नसे. केंद्रातून निघालेल्या उंच तारा गुड्याच्या डोक्यावरून गुणगुणत मुंबईकडे जात आणि खाली आमच्या बाया चिमणी पेटवत.

दीड वाजता पुकारा झाला, "मनकूबाई कुमरे!"

मनकूबाई माझी आत्या. बापाची चुलतबहीण. पासष्टीची, काटक, कपाळावर गोंदण. आठवडी बाजारात चारोळीच्या भावावरून ती अशी मराठी बोलायची की व्यापारी हात जोडायचे. तिनं माइक हातात घेतला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गोंडीत बोलायला सुरुवात केली. ती गोंडीत का बोलतेय ते मला कळेना.

सात-आठ मिनिटं बोलली ती. आवाज चढवला नाही. मागं दोरीपलीकडचा गुडा हळूहळू उठून उभा राहिला. पुढच्या रांगांतले लोक मोबाइल बघत होते.

तिचं बोलणं थांबलं. मोठे साहेब माझ्याकडे वळले. "काय म्हणतायत त्या?"

मी उठून त्यांच्या खुर्चीशी गेले. देवतळे साहेब पेन उघडून बसले होते. माझ्या हाती माइक नव्हता, त्यामुळे माझं बोलणं मंचापुरतंच होतं. मी म्हणाले, "सर, त्या म्हणतात, राखेचा थोडा त्रास होतो, तेवढा कंपनीनं बंदोबस्त करावा. आणि... त्यांच्या नातवाला नोकरी मिळावी."

"रास्त आहे," मोठे साहेब म्हणाले. "लिहून घ्या, रोजगाराची मागणी."

आत्या मंचाच्या पायरीशीच उभी होती, माझ्यापासून चार हातांवर. तिनं माझ्याकडे पाहिलं, तापानं फणफणलेल्या लेकराकडे पाहावं तसं. मग माइक खाली ठेवला आणि दोरी वाकवून पलीकडे गेली.

चार वाजता सगळं आटोपलं. इतिवृत्ताच्या शेवटच्या पानावर 'दुभाषी' या शब्दासमोर मी सही केली. देवतळे साहेब म्हणाले, "उत्तम झालं. जूनचं मी बघतो." मंडप सोडायला माणसं चढली होती. मी बाटली तिथंच टेबलावर ठेवली. उघडलीसुद्धा नव्हती.

आत्या राखेच्या तळ्याच्या बांधावर माझी वाट पाहत बसली होती. मला वाटलं, आता शिव्या देईल. ती उठली आणि माझ्यासोबत चालू लागली. शेवटी मलाच राहवेना.

"आत्या, तुला मराठी येते. मग मराठीत का नाही बोललीस?"

"तू बसली होतीस ना तिथं."

"म्हणून काय झालं?"

"आजवर त्या टेबलाशी आपलं कुणी बसलं नव्हतं," ती म्हणाली. आम्ही गोंडीतच बोलत होतो. "बाजारातली माझी मराठी भांडायची आहे. हे भांडण नव्हतं. हे नीट सांगायचं होतं. म्हटलं, माझ्या बोलीत मी सगळं सांगीन आणि आमची शिकलेली पोर ते चांगल्या मराठीत वर पोचवील. साहेब लोकांना उलटून बोलता येणार नाही अशा मराठीत."

"तू ऐकलंस मी काय सांगितलं ते?"

"ऐकलं." दोन पावलं गेली आणि म्हणाली, "मला नातू कुठं आहे गं, रेणू?"

नव्हता. तिला एकच मुलगी होती, सीता, आणि सीताला दोन मुलीच. आत्याच्या मांडीवर मी मोठी झाले होते. तिच्या घरात कोण आहे आणि कोण नाही हे मला माझ्या बोटांइतकं माहीत होतं. आणि साहेबांना काहीतरी 'हवंय' असं सांगायचं म्हणून मी उभ्या उभ्या तिला एक नातू जन्माला घालून दिला होता. वर त्याच्यासाठी नोकरी मागितली होती, तिच्या तोंडून!

"मग तिथंच का नाही ओरडलीस?" मी जवळजवळ किंचाळले. "पोरगी खोटं बोलतेय म्हणायचं! माइक होता ना तुझ्यासमोर!"

"म्हटलं असतं तर तुला त्या खुर्चीवरून उठवलं असतं. साऱ्या लोकांसमोर." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आधीच काय थोडं घेतलंय त्यांनी आपलं? त्यात आणखी तुझी नोकरी कशाला देऊ?"

ती रागावली असती तर मी रडून मोकळी झाले असते. पण ती रागावलीच नाही, आणि तो तिच्या वाटचा सगळा राग माझ्या अंगात शिरला. आधी स्वतःवर. मग त्या सीलबंद बाटलीवर, त्या 'मॅडम'वर, पोरांना वाटलेल्या गोळ्यांवर. मूठभर गोळ्यांत आणि एका खुर्चीत मी विकली गेले होते, आणि म्हातारीनं ते पाहून माझंच रक्षण केलं होतं.

घरी जाताच वही काढली. ऊन होतं तोवर अंगणात बसून आत्याचं बोलणं आठवून आठवून मराठीत लिहिलं. कुठं अडले तर कुंपणावरून तिला विचारत होते. ती काय बोलली होती ते हे असं:

'साहेब, तुम्ही आम्हाला विचारायला आलात हे चांगलं केलंत. पहिल्या तळ्याच्या वेळी कुणी विचारलं नव्हतं. मी एक साधी गोष्ट सांगते. आमच्यात लग्न असलं की अख्खा गुडा जेवतो आणि मग अख्खा गुडा मिळून उष्टं काढतो, चूल सारवतो, राख उचलतो. जेवला एक आणि राख दुसऱ्यानं उचलली असं आमच्यात होत नाही. कोळसा आमच्या जंगलाखालून निघाला. तो जाळून जी वीज झाली ती या तारेवरून दूर गेली. कुणाच्या घरी गेली ते मी पाहिलेलं नाही. त्यांच्याबद्दल माझ्या मनात वाईट नाही. त्यांची पोरं उजेडात शिकू देत. पण राख मात्र सगळी इथंच राहिली. ती आम्ही खाल्ली, प्यायली, आमच्या गाईंनी प्यायली. माझा नवरा शेवटी थुंकायचा तेसुद्धा राखाडी.

'आता दुसरं तळं करायचं म्हणता. माझं म्हणणं एवढंच आहे, वाटणी करा. ज्याच्या घरी जितकी वीज, त्याच्या दारी तितकी राख. आमच्या गुड्यात साठ दिवे आहेत, तेही अर्धा दिवस. साठ दिव्यांची राख आमच्याकडे द्या, आम्ही ती आमच्या उंबऱ्याशी ठेवू, तक्रार करणार नाही. बाकीची ज्याची त्याला पोचवा. ज्या तारेनं वीज नेता त्याच तारेनं राखही न्या. तारेनं राख जात नाही म्हणाल, तर मग वीज तरी अशी का करता की जिची राख कुणालाच आपल्या दारी नको? मोहाला हात लावू नका. झऱ्याला हात लावू नका. मला तुमच्याकडून काहीही नको आहे. मी मागायला आलेली नाही, नाही म्हणायला आले आहे.'

दुसऱ्या दिवशी शाळेला रजा टाकली आणि तहसील कचेरी उघडायच्या आधी दारात जाऊन उभी राहिले.

देवतळे साहेबांनी कागद वाचला. मधे एकदा हसले. "तारेनं राख! म्हातारी विनोदी आहे हो."

"त्या जे बोलल्या ते हे आहे, सर. काल मी चुकीचं सांगितलं. इतिवृत्त दुरुस्त करा."

"इतिवृत्तावर तुमचीच सही आहे."

"म्हणूनच मी आले आहे."

त्यांनी चष्मा काढला, खुर्चीला रेलले. आवाज अगदी मायेचा केला. "बाई, तुम्ही लहान आहात." एका रात्रीत मॅडमची बाई झाले होते मी. "हे लिहिलं काय आणि नाही लिहिलं काय, काय फरक पडतो? निर्णय वर झालेला असतो. आपण फक्त कागद पुरा करतो. तुम्ही उगाच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नका."

"काहीच फरक पडत नाही?"

"काहीच नाही."

"मग परवा जीप घेऊन शाळेपर्यंत कशाला आला होतात?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"म्हातारीच्या बोलण्यानं काही होणार नव्हतं, तर ते होतं तसं का येऊ दिलं नाही?" माझा आवाज बाहेर जात होता. टंकलेखकाचं यंत्र थांबलं, दारात दोन-तीन माणसं जमली. मी थांबले नाही. "दोरी कशाला बांधलीत? बसगाड्या भरून लोक कशाला आणलेत? सारांश, सौम्य, हे सगळं कशासाठी? जिच्या एका 'नाही'नं काही अडत नाही, त्या बाईच्या 'नाही'ला एवढे का भ्यालात तुम्ही?"

"बाहेर व्हा," ते म्हणाले. "कागद आवकमध्ये द्या आणि निघा."

मी दोन प्रती लिहून आणल्या होत्या, त्या दिल्या. आलेले कागद नोंदवणाऱ्या आवक बारनिशीवरच्या बाईंनी वर न बघता एका प्रतीवर शिक्का मारला, तारीख घातली आणि ती माझ्या हातात दिली. मग हळूच म्हणाल्या, "ही जपून ठेवा. आतली सापडणार नाही."

खरंच सापडली नाही. जूनमध्ये मला पत्र आलं, सेवा समाधानकारक नसल्यामुळे पुढं चालू ठेवता येत नाही. डिसेंबरात तळ्याला परवानगी मिळाली. त्या आदेशात सुनावणीवर दोनच वाक्यं होती. 'स्थानिकांनी प्रामुख्याने रोजगाराची मागणी केली. विरोध नोंदवला गेला नाही.' दुसरं वाक्य मला आजही झोपेतून उठवून विचारा, तोंडपाठ आहे. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. विरोध झाला होता. नोंदवला गेला नव्हता.

जानेवारीत मोहाची झाडं आठ दिवसांत पडली. झऱ्यावर मुरूम टाकला.

गुडा कोर्टात गेला. एका वकीलबाईंनी खटला घेतला. शिक्का मारलेली प्रत हाच काय तो पुरावा होता, आणि दुसरी मी. तीन वर्षांनी मी साक्षीला उभी राहिले. समोरच्या वकिलांनी विचारलं, "मनकूबाईंचं बोलणं साहेबांना कुणी सांगितलं?"

"मी."

"म्हणजे तुम्हीच सांगितलंत की त्यांना नातवासाठी नोकरी हवी आहे?"

"हो. मी खोटं सांगितलं. त्यांना नातू नाही."

कोर्टात कुणीतरी हसलं. माझा श्वास तीन वर्षांत पहिल्यांदा पोटापर्यंत गेला.

आम्ही जिंकलो. न्यायालयानं सुनावणी रद्द ठरवली आणि ती नव्यानं घ्या असा आदेश दिला. तळ्याबद्दल काही म्हटलं नाही. तळं तोवर अर्धं भरलं होतं. ते आजही तिथंच आहे, दर दोन-तीन वर्षांनी त्याचा बांध आणखी उंच करतात. गुड्याला पाणी टँकरनं येतं.

दुसरी सुनावणी झाली तेव्हा मंडप गुड्याच्या जवळ सरकवावा लागला, कारण आधीचं मैदान बांधाखाली गेलं होतं. साहेब नवे होते, तरुण. दोरी नव्हती, बसगाड्याही नव्हत्या. या वेळी मी गुड्यातल्या बायांमधे खाली सतरंजीवर बसले होते. साहेबांनी कागद वर धरून वाचलं, "प्रस्तावित राखतळ्याबाबत आपल्या सूचना व हरकती मांडण्यासाठी..."

आत्यानं माझा दंड धरला. आता तिला नीट उभं राहवत नव्हतं. "प्रस्तावित म्हणजे काय?" तिनं गोंडीत विचारलं.

"जे करायचं मनात आहे, पण अजून झालेलं नाही, ते."

तिनं मान वळवली. मंडपाच्या उघड्या बाजूनं दिसत होता तो राखेचा करडा बांध, दोन माणसं उंच, जिथवर नजर जाईल तिथवर. वारा सुटला होता आणि बांधाच्या माथ्यावरून पांढरं काहीतरी उडत आमच्याकडे येत होतं. ती बघत राहिली. मग माझ्या खांद्यावर भार देऊन उठली.

साहेब अदबीनं म्हणाले, "आजी, तुम्ही तुमच्या भाषेत बोला. आपण दुभाषी..."

"दुभाषी नाई पायजे मले," आत्या म्हणाली. बाजारातली मराठी, पल्ल्याची, मागच्या बाईपर्यंत पोचणारी. "मले विचारून राह्यले ना तुमी? का हे तळं करू का नको करू?"

"हो, आजी."

"मंग मी नाई म्हंतो. लिवा."

साहेब लिहू लागले.

"लिवलं?"

"लिहिलं, आजी."

आत्यानं हात लांब करून बांधाकडे बोट केलं.

"मंग उचला आता ते."